उलट्या पुस्तकातला माणूस

नाटे गावच्या राहीला वाचता येत नव्हतं, असं म्हणणं बरोबर नाही. दुसरीपर्यंत ती शाळेत गेली होती. देवळाची पाटी, एसटीच्या कपाळावरचं गावाचं नाव आणि रेशनकार्डावरचं आपलं नाव, एवढं ती बोट ठेवून वाचत असे. त्यापुढचं कोणी वाचून दाखवलं आणि तिला पटलं तर खरं, नाहीतर नाही. पण एक पुस्तक तिनं बारा वर्षांत इतक्या वेळा वाचलं होतं, की त्याच्या पानांच्या कडा जुन्या धोतरासारख्या मऊ पडल्या होत्या. आणि ते पुस्तक जपानी होतं.

तिचा नवरा आत्माराम मालवाहू बोटीवर खलाशी होता. शेवटचा घरी आला तेव्हा त्यानं जपानच्या बंदरातून तिघांसाठी वस्तू आणल्या. आईला, म्हणजे गोदूबाईला, बॅटरी. धाकट्या भावाला, भिकाजीला, रेडिओ. राहीला निळ्या मासोळ्या काढलेला एक चिनी मातीचा कप आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हे पुस्तक. धक्क्यावरच्या जुन्या बाजारात घेतलेलं, दोन्हीकडची पुठ्ठ्याची पानं गेलेली, वीटभर जाड. गोदूबाई म्हणाली, बायकोला लुगडं आणायचं सोडून रद्दी आणली.

रद्दी नव्हती ती. आत सगळी चित्रंच होती, काळ्या शाईची. पानापानावर चौकटी, चौकटीत माणसं, आणि माणसांच्या तोंडाजवळ फुगे काढून त्यात मुंग्या मरून पडल्यासारखी अक्षरं. आत्माराम म्हणाला, तुला वाचायचा कंटाळा म्हणून मुद्दाम आणलं, ह्यात वाचायला लागतच नाही. बोटीवर एका जपानी माणसानं त्याला ह्याची गोष्ट सांगितली होती. ती तो राहीला सांगणार होता, पण रजा संपत आली आणि माणसाला शेवटच्या चार दिवसांत शंभर कामं असतात. निघताना पडवीत पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "तू चालू कर. मी आलो की शेवट सांगीन. पण सांभाळून हां, पुस्तक उलटं हाय."

राही हसली होती. उलटं म्हणजे आचरट, डोकं फिरलेल्या माणसानं लिहिलेलं, असंच तिला वाटलं. आत्माराम तरी कुठे सुलटा होता. सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर त्या माणसानं जन्मात दिलं नाही.

तो गेला, आणि पुढच्या वैशाखात कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं. पोस्टमास्तरांनी पडवीत बसून वाचलं. बोट जपानहून निघून तीन दिवस झाले होते, समुद्र खवळला होता, सकाळी माणसं मोजली तेव्हा आत्माराम नव्हता. कंपनीनं एक शब्द घातला होता, मिसिंग. मास्तर म्हणाले, म्हणजे सापडत नाहीत. राहीनं तेवढाच शब्द धरून ठेवला. सापडत नाही म्हणजे मेला नव्हे. घरात सुई सापडत नाही म्हणून कोणी सुईचे दिवस घालत नाही.

त्याच आठवड्यात तिनं ट्रंकेतून पुस्तक काढलं आणि वाचायला घेतलं.

वैशाखात राहीचं काम आंबापोळीचं. आंब्याचा रस ताटांतून पातळ पसरायचा, ताटं खळ्यात उन्हाला मांडायची आणि कावळ्यांवर नजर ठेवून बसायचं. हातात काठी, डोक्यावर पदर आणि मांडीवर, पदराच्या आडोशाला, पुस्तक. चाळिशीकडे झुकलेली बाई पोराबाळांसारखी चित्रं बघते, हे चारजणींत कळलं असतं तर पाणवठ्यावर वर्षभर पुरलं असतं. म्हणून कोणी आलं की ती पुस्तकावर सूप पालथं घाली. बारा वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही.

तिनं वाचलेली गोष्ट अशी. पहिल्या पानावर नुसती वाळू आणि गवत. वारा आहे, तोही काढलाय, चार रेघांत. दुसऱ्या पानावर कळतं, की गवतात कोणीतरी बसलंय. लोखंडाचा माणूस. एका गालाला पोचा आलेला, अंगावर गंज चढलेला. मग पानं उलटावीत तसतसं गवत कमी होत जातं, गंज उतरतो आणि माणूस उठतो. हातात एवढंसं रोप घेऊन वाळूतून चालायला लागतो. वाळूत एक जहाज उभं असतं, माशासारखं लांब, पण हे आकाशातून जाणारं. त्यातून तो चांदण्यांमधून येतो. खाली एक शहर जळत असतं. पण राहीच्या डोळ्यांदेखत आग लहान होत जाते, पडलेल्या भिंती उभ्या राहतात, रस्त्यात आडवी झालेली माणसं उठतात आणि आपापल्या कामाला लागतात. शेवटी समुद्राकाठी एक घर. दारात बाई, हात वर केलेली. लोखंडी माणूस तिच्या हातात ते रोप देतो. आणि शेवटच्या पानावर दोघं समोरासमोर बसलेली, मध्ये दोन कप.

कुठूनही, कितीही गंजलेला असला, तरी माणूस घरी येतो, अशी ती गोष्ट होती. आत्माराम सांगणार होता तो शेवट तिला आपला आपणच कळला होता.

पुढे पुढे गोष्ट पाठ झाली, तेव्हा ती नुसतं काढणाऱ्याचा हात बघत बसे. काय माणूस असेल! सबंध शहर पडलं हे दाखवायला त्यानं एका पानावर फक्त एक चमचा काढला होता, धुळीत पडलेला, बाकी पान कोरं. कुठे तीन-तीन पानं माणूसच नाही, नुसती पावसात भिजणारी कौलं. आणि त्या लोखंडी माणसाचं तोंड तर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच, दोन गोल डोळे आणि एक फट. पण शेजारी कप असला की तेच तोंड सुखी दिसे, शेजारी वाळू असली की बघवत नसे. हे त्या चिताऱ्याला कसं जमलं, ते राहीला कळलं नाही. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की ज्यानं हे काढलंय त्यानं कधीतरी कोणाचीतरी दारात बसून वाट बघितली असणार. बसल्याशिवाय कौलांवरचा पाऊस असा कोणी तीन पानं काढत नाही.

फक्त एक गोष्ट तिला टोचायची. लोखंडी माणूस घरी येत होता खरा, पण त्याचं तोंड कायम भलतीकडे. गोष्ट जायची उजवीकडे आणि हा बघायचा डावीकडे. जसा काही पाठमोरा चालतोय. आणि वाळूतली पावलं! पावलं आधीच पुढे उमटलेली, आणि हा मागून येऊन त्यांच्यावर एकेक पाय ठेवत जाई, की पाऊल पुसलं जाई. भर दुपारी, कावळे ओरडत असताना, त्या पानाशी आल्यावर राहीच्या पाठीतून थंड कळ जायची. ज्यांची पावलं उलटी असतात, ते कोण असतात, हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. मग ती स्वतःची समजूत घाली. इतक्या वर्षांनी घरी यायचं म्हणजे तोंड कसं दाखवणार? लाजत असेल. पुरुष माणूस. पाठ करून येत असेल.

हे सगळं पुस्तकात होतं तोवर ठीक होतं.

पाचव्या की सहाव्या वर्षी मागल्या दाराच्या पायरीवर पावलं दिसायला लागली. मागलं दार समुद्राकडे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या तीन पायऱ्या, पुढे माडाची बाग आणि बागेपलीकडे वाळू. राही उठून दार उघडी, तर मधल्या पायरीवर दोन ओली पावलं. पुरुषाएवढी. उन्ह आलं की सुकून जात. रोज नाही, महिन्या-दीड महिन्यातून एकदा. गोदूबाईची म्हणावीत तर म्हातारी तेव्हा नुकतीच उठून देवाला हात जोडत असे, आणि तिचं पाऊल म्हणजे चिमणीएवढं. पावलांची बोटं समुद्राकडे असत. म्हणजे साध्या हिशेबानं कोणीतरी घरातून बाहेर गेलेलं. पण राहीनं पुस्तक वाचलेलं होतं. उलटी पावलं. बोटं समुद्राकडे म्हणजे तो आत येतोय. ती कोणाला न सांगता पायरीवर शेणाचा हात फिरवी, आणि दार दिवसभर उघडं ठेवी.

गोदूबाईला पावलं दिसत नसत, तिला तो सबंध दिसे. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी मागल्या दारात उभा. निथळतोय. काही बोलत नाही, उंबऱ्याकडे बघतो. सुरुवातीला ती ओरडे, मग रडे, मग तिला सवय झाली. सवयीचीही एक भीती असते, ती तिच्या बोलण्यात उतरली. जेवताना मध्येच म्हणायची, आज त्याचे केस फार वाढलेले दिसले. राहीच्या हातातला घास तिथेच राही.

तर अशी ती बारा वर्षं. बारा एवढ्यासाठी, की सापडत नसलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. त्यानंतर पळसाच्या पानांचा माणूस करतात. पानं दर्भानं बांधून हात-पाय करायचे, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्या पानांच्या माणसाला अग्नी द्यायचा. मग तो गेला असं धरून त्याचे दिवस घालायचे, आणि तिथून पुढे त्याला पाणी मिळतं. पंच्याऐंशी सालच्या वैशाखात आत्मारामला बारा वर्षं झाली. भिकाजी मुंबईच्या गोदीत होता, तो रजा घेऊन आला. राजापूरहून एसटीतून उतरला तो भटजींना विचारूनच. दिवस ठरवला होता, दहा दिवसांनंतरचा. फक्त राहीनं हो म्हणायचं राहिलं होतं. मंगळसूत्र तिच्या गळ्यात होतं, तेव्हा तिच्या हो शिवाय भटजी उभे राहायला तयार नव्हते.

राही म्हणाली, नाय.

भिकाजीनं दोन दिवस गोडीनं सांगितलं. रानात पळस उभा आहे, पाऊस पडला की खाडीकाठी काही करता येणार नाही. राही ऐकून घेई आणि ताटं उन्हात मांडायला जाई. तिसऱ्या दिवशी त्याचा तोल गेला. खळ्यात येऊन, ताटांच्या मध्ये उभा राहून तो म्हणाला, "वयनी, तुझ्या एकटीच्या हट्टापायी माझ्या भावाला बारा वर्षं पाण्यात उभा ठेवलंयस. तुला कोणी सांगितलं तो येणार म्हणून?"

राहीच्या मांडीवरच्या सुपाखाली उत्तर होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "भावोजी, ताटावर सावली पडते तुमची. बाजूला व्हा."

भिकाजी बाजूला झाला. पण त्याच संध्याकाळी गोदूबाईनं तिला मागल्या दाराशी बोलावलं. म्हातारी उंबऱ्याच्या आत बसली होती, दिवा लावायचा होता. तिनं काही आवाज चढवला नाही.

"तो उभा राहातो ना, तो उंबऱ्याकडे बघतो गो. त्याला ना आत येता येत, ना जाता येत. मी आई हाय, मी सोडायला तयार झाले. तू त्याला कशानं बांधून ठेवलंयस?"

राहीला दाराबाहेर काही दिसलं नाही. नुसते माड. पण पायरी ओली होती, आणि संध्याकाळी ती कधी ओली नसायची.

दुसऱ्या दिवशी तिला खळ्यात डुलकी लागली. तशी ती झोपणारी नव्हती, पण आदली रात्र डोळ्याला डोळा नव्हता. जागी झाली ती चष्म्याच्या काचांच्या चमकेनं. समोर हलिमाबू बसलेली, आणि पुस्तक तिच्या हातात.

हलिमाबू पाखाडीच्या दगडी वाटेपलीकडची शेजारीण. राहीपेक्षा दहा वर्षांनी मोठी, तिचा नवरा बोटीवरून दमा घेऊन परत आलेला. मराठी अक्षर तिला येत नव्हतं, पण कुराण ती बोट फिरवत रोज वाचायची. अर्थ मौलवींना, आवाज मला, असं म्हणायची. कालच रत्नागिरीच्या इस्पितळातून तिला नवा चष्मा मिळाला होता, आणि कालपासून ती गावातली दिसेल ती वस्तू निरखत सुटली होती. साबणाच्या वेष्टणापासून बैलाच्या शिंगापर्यंत.

"अगो, येवढी मोठी किताब लपवून ठेवलीस?" ती म्हणाली. "आणि काय सुरेख काढलंय. बघ, दोघं चहाला बसलीत."

राही दचकून उठून बसली. म्हणाली, ते शेवटचं पान आहे, आधी पहिलं बघ.

"हेच तर पहिलं." हलिमाबूनं पुस्तक फिरवून दाखवलं. बांधणी उजव्या हाताला होती, आणि ती डाव्या हाताची पानं उचलून उजवीकडे टाकत होती, सहज, रोजच्या सवयीनं. "आमची किताब अशीच उघडते. ही पण तसलीच. हे बघ, आकडे घातलेत खाली, हा एक, हा दोन. तू उलटीकडून धरत होतीस की काय?"

आकडे इंग्रजी होते, हलिमाबूला नवऱ्याच्या मनीऑर्डरींमुळे ठाऊक झालेले. राहीनं बारा वर्षांत ते कधी बघितले नव्हते, तिला ते त्या मुंग्यांतलेच वाटत.

पुस्तक उलटं हाय. सांभाळून हां.

तिनं पुस्तक काढून घ्यायला हात पुढे केला, पण हलिमाबू नव्या चष्म्याच्या आनंदात होती आणि बोट ठेवून गोष्ट सांगायला लागली होती. दोघं चहाला बसलीत. बाई त्याला एक रोप देते. दारातून हात करते, तो चालला. बघ, कसा तरातरा चाललाय, मागे पण बघत नाही. आता हे काय झालं, आग लागली वाटतं. या अल्ला, सगळं शहर गेलं. एवढा चमचा उरलाय बिचारीचा. हलिमाबूचा आवाज उतरत गेला. आता जहाजात बसला. रोप छातीशी धरलंय. एकटाच आहे गो, एवढ्या आभाळात. उतरला. नुसती वाळू. चालतोय, चालतोय, ही त्याची पावलं मागे. रोप लावलं. शेजारी बसला.

मग तिनं तीन-चार पानं काही न बोलता टाकली, आणि शेवटी चष्मा काढून पदरानं पुसला.

"तो मग उठलाच नाय," ती म्हणाली.

ताटांवर कावळे उतरले होते. दोघींपैकी कोणी काठी उचलली नाही.

हलिमाबूला काय झालं ते कळेना. राहीचं तोंड तिनं कधी असं बघितलं नव्हतं. ती परत परत विचारत राहिली, मी काही वाईट बोलले काय. राही नाही म्हणाली. खरंच नव्हतं काही वाईट. सगळी चित्रं तीच होती, एक रेघ इकडची तिकडे झाली नव्हती. दारातल्या बाईचा वर केलेला हात बारा वर्षं ये म्हणत होता, तो आता जा म्हणत होता. माणूस लाजून पाठमोरा येत नव्हता, तो सरळ समोर बघून चालला होता. पावलंही उलटी नव्हती. वाळूतलीही नव्हती आणि पायरीवरचीही. बोटं समुद्राकडे होती, कारण तो समुद्राकडेच जात होता. दर वेळी निघत होता, आणि कोणीतरी दार उघडं ठेवून त्याला परत ओढत होतं.

हलिमाबू गेल्यावर तिनं पुस्तक ट्रंकेत ठेवलं आणि चार दिवस हात लावला नाही. भिकाजीचे दिवस सरत आले होते आणि तो मुंबईला निघायची पिशवी भरायला लागला होता. राहीला चूल सुचेना. आत्मारामनं सांगून ठेवलं होतं, आणि तिनं ते थट्टेवारी नेलं होतं. पण ह्याहून वाईट गोष्ट दुसरीच होती. तिनं वाचलेला शेवट हा शेवट नव्हता, तर मग खरा शेवट कुठला? तो वाळूतला? तसल्या शेवटासाठी कोणी परमुलखातून पुस्तक वाहून आणतं?

पाचव्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन खळ्यात बसली, ह्या वेळी सुपाशिवाय. हलिमाबूसारखं उजव्या हातानं धरून पहिल्यापासून बघत गेली. सवय नव्हती, डोळे सारखे भलत्या चौकटीत शिरत. पण ती हळूहळू पार झाली. आग, जहाज, वाळू. आणि मग ज्या पानांवरून ती बारा वर्षं घाईनं पुढे जात असे, कारण तिच्या लेखी गोष्ट तिथे अजून सुरूही झालेली नसायची, त्या पानांशी ती पहिल्यांदा थांबली.

रोप लहान होतं. पुढच्या चौकटीत शेजारी एक पातं. मग चार. मग त्याच्या पायाशी, गुडघ्याशी, खांद्याशी. म्हणजे हे गवत आधीपासून तिथे नव्हतंच. त्या बाईनं दारात दिलेल्या एवढ्याशा रोपाचं ते सगळं रान झालं होतं, सबंध वाळूभर, त्याच्या अंगाखांद्यावर. आणि बसलेल्या त्या माणसाचं तोंड. पुस्तकभर डावीकडे, पुढे, लांब बघणारा तो, ह्या एकाच पानावर वळून बसला होता. उजवीकडे. पुस्तकात जिकडे घर होतं तिकडे. चिताऱ्यानं ते काही मोठं करून दाखवलं नव्हतं. गवतात अर्धवट दिसत होतं एवढंच, आणि बघणाऱ्यानं बघावं म्हणून सोडून दिलं होतं.

राही बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसली. रडली म्हणावं तर तसं नाही. एका कावळ्यानं शेजारच्या ताटातली आंबापोळी टोचून नेली, तेव्हा तिनं त्याला एक शिवी दिली, आणि घरात जाऊन भिकाजीला म्हणाली, भटजींना सांगा, परवाचा दिवस चालेल.

भिकाजी चकित झाला. त्याला वाटलं आईनं काही सांगितलं, आईला वाटलं भिकाजीनं. राहीनं कोणाचाच समज मोडला नाही. तिनं एवढंच सांगितलं, की डोक्याचा नारळ ती देईल.

पळसाची पानं भिकाजीनं रानातून आणली. बायकांनी खाडीवर जायचं नसतं, म्हणून राही घरीच राहणार होती. तिनं आदल्या दिवशी समुद्राच्या बाजूच्या माडाचा नारळ उतरवून घेतला. हा माड आत्मारामनं लग्नाच्या वर्षी लावला होता, आणि पाणी घालायचं काम राहीकडे आलं होतं, कारण तो लावून बोटीवर गेला. तिनं नारळ स्वतः सोलला, शेंडी ठेवली, आणि शेंडीखालचे तीन डोळे दिसतील एवढी ती बाजूला केली. सकाळी भिकाजी निघाला तेव्हा तिनं तो त्याच्या दोन्ही हातांत दिला.

"भावोजी, एक करा. भटजी कसंही ठेवोत, शेवटी ह्याचे डोळे घराकडे करा."

भिकाजीनं नारळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. एरवी तो हसला असता. म्हणाला, "करतो."

मागल्या दारात गोदूबाई बसली होती. हलिमाबू आली आणि राहीच्या शेजारी खाली जमिनीवर बसली. तिला सगळं माहीत नव्हतं, पण आपण चष्मा लावून काहीतरी वाचलं आणि ह्या घरात काहीतरी हललं, एवढं तिला समजलं होतं. बांगड्या, मंगळसूत्र, जे व्हायचं ते झालं. त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्या बायकांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही त्यांनी न बघितलेलं बरं. तिघी बसून राहिल्या. दहाच्या सुमारास खाडीच्या बाजूनं धूर दिसला. पानांच्या माणसाचा धूर तो किती असणार. माडांच्या वर आला आणि वाऱ्यानं नेला.

भिकाजी मागे न बघता घरी आला, तसंच यायचं असतं. अंघोळ करून पडवीत टेकला आणि आत न बघता म्हणाला, "वयनी, केले. भटजी नको म्हणत होते, मी केले."

दुपार टळल्यावर राहीनं चूल पेटवली. फळीवर निळ्या मासोळ्यांचा कप बारा वर्षं पालथा होता. धूळ बसू नये, पाल पडू नये आणि कोणी त्यातून पिऊ नये म्हणून. तिनं तो सरळ केला, धुतला, त्यात कोरा चहा ओतला आणि हलिमाबूपुढे ठेवला. त्या घरात हलिमाबूसाठी एक वेगळा पितळी पेला होता, वळचणीला ठेवलेला. गोदूबाईनं कप बघितला. हलिमाबूनंही आधी कपाकडे बघितलं, मग म्हातारीकडे, मग दोन्ही हातांनी तो उचलला. दुसरा कप घेऊन राही तिच्यासमोर बसली.

तिन्हीसांज झाली. गोदूबाईनं दिवा लावला आणि सवयीनं मागल्या दाराकडे तोंड केलं. किती वेळ बघत राहिली. मग वात सारून आत वळली. त्या दिवशी आणि पुढेही ती त्याच्या केसांबद्दल काही बोलली नाही.

सकाळी राहीनं दार उघडलं. पायरी कोरडी होती. दुसऱ्या दिवशीही. वैशाख सरला, ज्येष्ठ लागला, आंबापोळ्यांच्या घड्या डब्यात गेल्या, पायरी कोरडीच. भीती गेली हे खरं, पण तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. एका सकाळी ती हातात तांब्या घेऊन त्या पायरीशी कितीतरी वेळ उभी होती. आत्मारामचं पाऊल केवढं होतं, ते तिला नीट आठवत होतं. तांब्यातलं पाणी मधल्या पायरीवर ओतावं असं तिच्या मनात आलं.

मग तिनं ते माडाला घातलं.